कोट देणारे आठ जण
(दिंडोरी येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



भाऊबीज नुकतीच झाली. कुणाला ओवाळणीत साडी मिळाली असेल, कुणाला ब्लाऊजपीस. भाऊ आणि वस्त्र ही जोडी आपल्या मनात फार जुनी. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली आणि त्याने तिला वस्त्रं पुरवली, हे ऐकतच आपण वाढलो.

म्हणून आज सआदत हसन मंटोंची ‘खोल दो’ ही गोष्ट घेतली. मंटो बरीच वर्षं मुंबईत राहून सिनेमासाठी लिहीत. जानेवारी १९४८ मध्ये ते लाहोरला गेले आणि त्याच वर्षी ही उर्दू कथा आली. ती छापणारं मासिक सहा महिने बंद ठेवलं गेलं.

काळ फाळणीचा. निर्वासितांच्या छावणीत म्हातारा सिराजुद्दीन शुद्धीवर येतो. बायको मारली गेलीय, १७ वर्षांची सकिना हरवलीय. खिशात तिची ओढणी तेवढी आहे. ट्रक आणि बंदुका घेतलेले आठ तरुण स्वयंसेवक त्याला भेटतात. आपल्याच धर्माची पोरं! तो त्यांना दुवा देतो. त्यांना सकिना सापडते. ते तिला धीर देतात, खाऊ घालतात. ओढणी नाही म्हणून ती अवघडलेली पाहून एक जण आपला कोट देतो.

पुढचं मंटो सांगत नाहीत. रुळांजवळ बेशुद्ध सापडलेली मुलगी दवाखान्यात आणतात. डॉक्टर खिडकीकडे बोट करून ‘उघडा’ म्हणतात. निपचित पडलेल्या सकिनाचे हात सलवारीची नाडी सोडू लागतात. आघात म्हणजे काय, याची व्याख्या मी एम.एस.डब्ल्यू.ला पाठ केली होती. कळली ती इथे.

एका वस्तीवर ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “कोट दिला तेव्हाच मला भ्या वाटलं.” मी कितीदा वाचली होती, पण कोट मला मायेचाच वाटला होता. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षबागेच्या कामाला येणाऱ्या या बायका. मुकादमाच्या पिकअपमध्ये बसतात, त्याला भाऊच म्हणतात. म्हणावंच लागतं.

शत्रूने केलं तर अत्याचार, आपल्यांनी केलं तर अळीमिळी गुपचिळी. फाळणीत याची दुसरीही बाजू होती. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडीजवळच्या थोआ खालसा गावात सुमारे ९० शीख बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या. कित्येक ठिकाणी बाप-भावांनीच ‘अब्रू’साठी आपल्या लेकी-बहिणींना मारलं. त्याला बलिदान म्हटलं गेलं.

म्हणून मला सिराजुद्दीन मोठा वाटतो. सकिनाचे हात हलले तशी डॉक्टरला घाम फुटतो. बाप मात्र लेक जिवंत आहे म्हणून आनंदाने ओरडतो. काहींना वाटतं, त्याला काही कळलंच नाही. असेलही. पण आपल्याकडे आलेल्या किती मुलींचे बाप आधी असं ओरडले? “त्यापेक्षा मेली असती तर,” हेच मी जास्त ऐकलंय.

आणि तपासणीची खोली. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली, २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. तरी मुलीसोबत आत जाताना ‘कपडे काढा’ हे कोण, कसं म्हणतं, याकडे कान ठेवा.

त्या वस्तीवरच्या बायकांनी एक वही केलीय. रोज कुठल्या गाडीत कोण बसली, नंबर काय, संध्याकाळी कोण उतरली. वही त्या मावशींकडे असते. त्यांना लिहिता येत नाही, नात लिहिते.