उच्चासनावरील माणूस
(ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांची स्तुति करावी अशी रीत आहे, आणि ती आपण आज यथेच्छ ऐकली. परंतु उपकारस्तुतीस आत्मपरीक्षणाची जोड नसेल तर उत्सव म्हणजे नुसती आरास होय. म्हणून आम्ही एका अप्रिय विषयास हात घालीत आहों. तो विषय म्हणजे अधिकाऱ्यांचा गर्व, आणि त्यांतहि आम्हां धर्मगुरूंचा गर्व.

हा धडा शिकण्यास रत्नागिरीकरांनीं दूर जावयास नको. थिबा राजवाडा आपण नित्य पाहतों. ब्रह्मदेशाच्या ज्या राजाच्या कारकीर्दींत, १८७९ सालीं, राजघराण्यांतील अनेक आप्तांची कत्तल झाली, तोच १८८५ सालीं पदच्युत झाला, पुढील वर्षीं बंदिवान म्हणून येथें आला, आणि १९१६ सालीं येथेंच निवर्तला. पण राजांचा गर्व पाहून "आम्ही तसे नाहीं" म्हणणें सोपें आहे. मंदिरांतील परूशीहि नेमकें हेंच म्हणाला होता.

म्हणून आतां आपल्याच घराकडे वळूं. मुंबईंत १७९४ पासून १९२८ पर्यंत कॅथलिक लोकांवर दोन धर्माधिकार चालत: एक पोर्तुगीज राजाश्रयाचा पाद्रोआदो, दुसरा रोमहून चालणारा प्रोपागांडा. उभय पक्षीं विद्वान व तपस्वी पुरुष होते. तरीहि १८५३ सालीं माहीमच्या सेंट मायकल देवळाचा तंटा इतका विकोपास गेला कीं, बिशप हार्टमन देवळांत ठाण मांडून बसले आणि विरोधकांनीं बाहेरून वेढा दिला! हार्टमन हे थोर व पुण्यशील पुरुष होते. परंतु आपला पक्ष तोच देवाचा पक्ष असें एकदां वाटूं लागलें, म्हणजे सत्पुरुषांच्या हातूनहि प्रभूच्या घराचा किल्ला होतो. आज त्याच देवळांत दर बुधवारीं सर्व धर्मांचे लोक नोव्हेनेस येतात, आणि कोण कोणत्या पक्षाचा हें कोणी विचारीत नाहीं.

ह्याच मुंबईच्या गादीनें उलट उदाहरणहि दाखविलें. इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स १९३७ सालीं तेथें आले. आपल्यामागून ह्या देशाचा पुत्र गादीवर बसावा म्हणून १९४६ सालीं साहाय्यक बिशप व्हॅलेरियन ग्रेशस ह्यांच्यावर कारभार सोपवून ते स्वतः दूर झाले. १९५० सालीं ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ सालीं भारताचे पहिले कार्डिनल.

१८७० सालीं व्हॅटिकन धर्मपरिषदेनें पोपसाहेबांच्या ज्या अचूकपणाची व्याख्या केली, तो श्रद्धा व नीति ह्यांविषयींच्या अंतिम निर्णयापुरता आहे. तो निष्पापपणा नव्हे. पोपसाहेबहि कुमसार करितात. अंत्युखियांत पौलानें पेत्राचा दोष तोंडावर सांगितला. त्यामुळें पेत्राचें पद गेलें नाहीं, चूक मात्र उघड झाली. जेथें असा पौल नसतो, किंवा असूनहि त्यास गप्प बसविलें जातें, तेथें काय होतें हें अलीकडे जगानें पाहिलें. देशोदेशीं कांहीं धर्मगुरूंनीं मुलांवर केलेले अत्याचार वरिष्ठांनीं अब्रूच्या भीतीनें झांकले. २०१८ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं सर्व ख्रिस्ती जनतेस पत्र लिहून त्याबद्दल लाज व पश्चात्ताप प्रगट केला.

आतां आमचें कुमसार. कांहीं वर्षांपूर्वीं एका वृद्ध सुतारानें आम्हांस सांगितलें कीं, देवळाच्या वाशांस वाळवी लागली आहे. "देवळाची काळजी वाहण्यास आम्ही समर्थ आहों," असें चार लोकांसमक्ष बोलून आम्हीं त्याचा पाणउतारा केला. त्याच पावसाळ्यांत छपराचा एक भाग कोसळला. रात्रीची वेळ होती म्हणून जीव वांचले. छप्पर दुरुस्त झालें, पण त्याची क्षमा आम्हीं मागितली नाहीं. लोक काय म्हणतील ही लाज आडवी आली. ते गृहस्थ आज ह्या सभेंत बसले आहेत. बाबा, आम्हांस क्षमा करा.

शेवटीं एक विनंति. आमची चूक दिसेल तेव्हां एकांतांत येऊन सांगा. ऐकलें नाहीं तर दोघांस घेऊन या. धर्मग्रामाचा हिशेब विचारणें हा अनादर नव्हे. आर्थिक समिति असावी हा ख्रिस्तसभेचा १९८३ पासूनचा कायदाच आहे. पाठीमागें कुजबुज मात्र करूं नका. तिनें ना आम्ही सुधारतों, ना आपण.

शिष्यांचे पाय धुणारा प्रभु आम्हांस वांकावयास शिकवो. आमेन.