कॅमेऱ्याआधी दिवा
(राणीसावरगाव येथील बैठकीतील भाषण)



विहिरीवरची मोटार, केबल, आखाड्यावरची जनावरं, सोयाबीनची थप्पी. चोरानं काय सोडलं आहे? तक्रार द्यायला गेलं की पहिला प्रश्न, "संशय कुणावर?" म्हणून आता आखाड्यावर कॅमेरे लागले. सकाळी मोबाईलवर पाहावं तर एक पांढरा ठिपका, बाकी काळोख. मोटार गेली आणि कॅमेऱ्याचे पैसेही गेले.

कॅमेऱ्याला स्वतःचा उजेड थोडाच असतो. म्हणून आधी दिवा ठरवा, मग कॅमेरा घ्या.

पहिली गोष्ट, उजेड कोणता? बहुतेक कॅमेऱ्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे दिवे असतात. 850 नॅनोमीटरचा दिवा अंधारात तांबूस दिसतो, 940 चा दिसत नाही, पण त्याची पोच कमी. दोन्हींत चित्र काळंपांढरं येतं. ट्रॅक्टर लाल की निळा, कळत नाही. पांढऱ्या एलईडीत रंग कळतो आणि चोरही बिचकतो. आखाड्याच्या दारात पांढरा दिवा लावा. जिथं चोराला कळू द्यायचं नाही, तिथं अवरक्त.

दुसरी गोष्ट, अंतर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. खोक्यावर 30 मीटर लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावर कुणीतरी हललं एवढंच दिसतं, चेहरा दिसत नाही. म्हणून दिवा चोराच्या वाटेजवळ हवा. आणि वॅट पाहून दिवा घेऊ नका, ल्युमेन विचारा. बैल किती खातो यावर आपण किंमत ठरवत नाही, किती ओढतो ते पाहतो.

तिसरी गोष्ट, जागा. दिवा कॅमेऱ्याच्या समोर नको. त्याच्या मागून किंवा बाजूनं उजेड यावा. कॅमेऱ्याला चिकटून दिवा लावला तर किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो, आणि सकाळी चित्रात नुसती जाळी. चार-पाच फूट लांब लावा. समोर चमकता पत्रा किंवा चुन्याची भिंत नसावी.

चौथी गोष्ट दुकानदार सांगणार नाही. सोयाबीनला फुलावर यायला मोठी रात्र लागते. रात्रभर उजेड पडला तर तेवढा पट्टा हिरवाच राहतो, शेंगा उशिरा धरतो. चोरापासून मोटार वाचवायची आणि दिव्यानं पीक घालवायचं, हा कसला हिशेब? दिव्याला टोपी घाला, उजेड खाली पाडा, आणि माणूस आला तरच लागेल असा दिवा घ्या.

पाचवी गोष्ट, वीज. शेतीची थ्री फेज पाळीनं येते. चोर पाळी पाहून येत नाही. जुने मेटल हॅलाइड दिवे वीज परतल्यावर उजळायला काही मिनिटं घेतात. एलईडी लगेच लागतो. शेतात सोलर पॅनेल आणि बॅटरीच बरी. पण श्रावणातली झड ध्यानात ठेवा. ऊन नसताना निदान दोन रात्री दिवा आणि कॅमेरा दोन्ही चालतील एवढी बॅटरी घ्या.

पैसे देण्याआधी परीक्षा घ्या. रात्री घरातल्या माणसाला त्या वाटेनं चालायला लावा. चित्र शेजाऱ्याला दाखवा. त्यानं ओळखलं तरच पैसे मोजा.

चोरी झालीच तर मूळ चित्रण पुसू नका. यंत्रातली तारीख-वेळ बरोबर ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमाप्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं.

शेवटचं सांगतो. जीविताचं आणि मालमत्तेचं रक्षण हे सरकारचं पहिलं काम. ते आपण आपल्या पैशानं करतो आहोत. दिव्याचा, कॅमेऱ्याचा, बॅटरीचा खर्च वहीत पिकाच्या उत्पादन खर्चात लिहा. भाव मागायला जाऊ तेव्हा ती वही बरोबर असू द्या.