गारव्याचाही उत्पादन खर्च काढा



जमिनीत बोअर मारून घर गार करणारे यंत्र हल्ली पोरं मोबाईलवर पाहतात आणि विचारतात, आपल्या घराला का नको? विचारू द्या. नवे तंत्र आले की नाक मुरडणारे आपण नाही. पण कपाशीचा हिशेब मांडतो तसा याचाही मांडू.

यात जादू काही नाही. विहिरीचे पाणी थंडीत कोमट लागते, उन्हाळ्यात गार. पाणी तेच, खोलवर जमिनीचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. आपल्याकडे ते २७-२८ अंशांच्या आसपास. बोअरमध्ये प्लास्टिकची बंद नळी सोडतात, तिच्यात पाणी फिरते. घरातली उष्णता यंत्र त्या पाण्यात टाकते, पाणी ती खडकाला देते. मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत उष्णता फेकण्यापेक्षा खडकात फेकायला वीज कमी लागते. साधा एसी इथे मागे पडतो, हे मान्य. आणि कूलरसारखे रोज टँकरचे पाणीही लागत नाही.

मग अडते कुठे? स्वीडनमध्ये लाखो घरांत ही यंत्रे आहेत. तिथली गरज उलटी. वर्षातले कितीतरी महिने घर ऊबदार ठेवावे लागते. एक युनिट वीज खर्चून तीन-चार युनिट उष्णता मिळते. यंत्र इतके राबले की बोअरचा खर्च फिटतो. आपल्याला गारवा हवा मार्चअखेर ते मृग. अडीच महिन्यांच्या कामासाठी बारा महिने दावणीला बैल! त्यासाठी शंभर-दीडशे मीटरचे बोअर, नळी, भरण, यंत्र. आणि वीज गेली की सगळे गप्प.

शिवाय तिकडे जमिनीतून उष्णता काढतात. आपण नुसती कोंबत राहिलो, तर बोअरभोवतीचा खडक वर्षागणिक तापत जातो. (पाण्याचे कोरडे गेलेले बोअर याला फुकट चालेल, असे कोणी म्हणाले तर जपून. नळीभोवती पोकळी राहिली तर उष्णता खडकात नीट जात नाही.)

माझे मत स्पष्ट आहे. टिनाच्या घरात हे यंत्र बसवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. आधी टिनावर चुना मारा, खाली छत घाला. आपल्या आज्याने धाब्यावर मातीचा थर घातला, पेवात ज्वारी ठेवली, ती उगाच नाही. मग कूलरचा किंवा लहान एसीचा विचार करा. रात्रंदिवस, बारमाही गारवा लागणाऱ्या दवाखान्याचा हिशेब वेगळा निघू शकेल. तुमच्या-माझ्या घराचा नाही.

तरीही कोणी विकायला आलाच, तर कर्जाच्या कागदावर अंगठा टेकवण्याआधी त्याला विचारा: घरात शिरणारी उष्णता मोजली का? बोअर किती मीटर? पाचव्या उन्हाळ्यात खडक किती तापलेला असेल? उत्तरे लेखी घ्या.