चौदा आणे दुखणं

मी कवी माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. ‘औषधांतलं आपल्याला काही कळत नाही’ असं म्हणायची सोय मी बरीच वर्षं करून घेतली होती. २००९ साली ती सोय महागात पडली.

अम्मीचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या आठ दिवस कपाटात ठेवल्या. अफूपासून निघणारं औषध. सवय लागेल, अम्मी गुंगीतच राहील, ही भीती. अम्मीची चिंता वेगळी होती. ‘नशेची चीज खाऊन नमाज कशी पढू?’ मी तिला पॅरासिटामॉलच देत राहिलो. माझा हिशेब सोपा होता : ही गोळी ५०० मिलिग्रॅमची, ती १० ची. मग मोठी कोणती?

ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी कपाट पाहिलं. म्हणाल्या, ‘भाऊ, मिलिग्रॅम म्हणजे वजन, ताकद नव्हे. चिमूटभर मीठ आणि चिमूटभर हिंग सारखंच का?’

मग त्यांनी समजावलं. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी जेवढं काम करते, तेवढ्यासाठी कोडीन सुमारे १०० मिलिग्रॅम लागतं. ट्रॅमाडॉलही साधारण तितकंच. तेच मॉर्फिन इंजेक्शनने दिलं तर गोळीच्या तिसऱ्या हिश्शात भागतं. फेन्टॅनिल इतकं तीव्र, की ते मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात. पॅरासिटामॉलचं मात्र वेगळं. एका मर्यादेपुढे ते वाढवून दुखणं कमी होत नाही, यकृताला धोका होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली : आधी साधी औषधं, मग कोडीनसारखी, मग मॉर्फिन. आम्ही पहिल्याच पायरीवर बसून होतो.

‘पण हे आकडे अंदाजाचे,’ सिस्टर म्हणाल्या. ‘खरं माप पेशंटकडे असतं.’ त्यांनी अम्मीला विचारलं, शून्य ते दहात दुखणं किती? अम्मी गप्प. सिस्टरांनी जरा विचार केला. ‘आजी, रुपयात किती आणे?’

‘चौदा आने,’ अम्मी लगेच म्हणाली.

डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे अर्धी गोळी, दर चार तासांनी, दुखायची वाट न पाहता सुरू झाली. सोबत पोट साफ होण्याचं औषध. झोप फार येते का, श्वास मंदावतो का, हे सिस्टरांनी आम्हाला बघायला शिकवलं. मोहल्ल्यातल्या मौलानांनी अम्मीला सांगितलं, इलाजासाठी दिलेलं औषध ही नशा नव्हे. तिसऱ्या दिवशी चौदाचे चार आणे झाले. त्या दिवशी पलंगावर बसून तिने असरची नमाज पढली, आणि नंतर चहा मागितला.

पुढे अडीच महिने ती आमच्यात होती, बरीचशी बोलत, हसत. पण त्या आधीचे आठ दिवस मला विसरता येत नाहीत. औषध घरात होतं, आणि ती रात्र रात्र कण्हत होती.

म्हणून सांगतो, गोळीवरचा आकडा पाहून औषध लहान-मोठं ठरवू नका. आपल्या मनाने डोस वाढवू नका आणि भीतीपोटी कपाटातही ठेवू नका. डॉक्टरांना, सिस्टरांना विचारा. आणि जो अंथरुणावर आहे त्याला विचारा, रुपयात किती आणे?