साक्षीदाराचा लहानपणचा गुन्हा

साक्षीदाराच्या हातून लहानपणी गुन्हा घडला.
मोठेपणी, उलटतपासणीत, तो उकरून काढता येतो का?

समजा, श्रोतेहो, जयपूरच्या सत्र न्यायालयात खटला चालू आहे.
साक्षीदार पंचवीस वर्षांचा.
चौदाव्या वर्षी तो चोरीच्या प्रकरणात बाल न्याय मंडळासमोर आला होता.
आरोपीच्या वकिलाला हे कळतं.

भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 वकिलाला साक्षीदाराची विश्वासार्हता तपासू देतो.
पण उत्तर द्यायला भाग पाडायचं की नाही, हे न्यायाधीश ठरवतात.
आरोप फार जुना असेल,
आणि साक्षीच्या खरेपणाशी त्याचा संबंध नसेल,
तर तो प्रश्न गैर ठरतो.

आता दुसरा कायदा. 2015 चा बाल न्याय अधिनियम.
तो बालकाची ओळख झाकतो.
पोलिसांनी त्याच्या प्रकरणाची नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा उघड करायची नाही.
नियमांनी ठरवलेली मुदत संपली, की कागदपत्रं नष्ट करायची.
अपवाद आहे.
सोळा वर्षांवरील मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालून दोष सिद्ध झाला,
तर नोंद राहते.

पुन्हा ऐकू या.
प्रश्नावर न्यायाधीशांचं नियंत्रण,
आणि नोंदीवर गुप्ततेचं कुलूप.

अमेरिकेत मात्र 1974 मध्ये हे कुलूप उघडलं.
खटला होता डेव्हिस विरुद्ध अलास्का.
मुख्य साक्षीदार किशोरवयीन, आणि प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली मोकळा.
प्रोबेशन जाईल या भीतीने तो पोलिसांना हवं ते बोलत असेल,
हा बचावाचा मुद्दा होता.
त्याबद्दल विचारण्याचा आरोपीचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गुप्ततेपेक्षा मोठा मानला.
नुसता जुन्या चोरीचा डाग दाखवण्यापेक्षा पक्षपाताचा हा मुद्दा कितीतरी वजनदार.

साक्षीदाराचा पक्षपात भारतातही तपासता येतो.
त्यासाठी लहानपणाची नोंद काढायची,
तर आधी न्यायाधीशांना तिची गरज पटवावी लागते.