पार्ट-टाइमवाल्यांशी बोलणं
(धामणकर नाक्यावर तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला विषय दिलाय ‘तरुण आणि व्यसन’. त्यावर मी बोलणार नाही. दारूवर बोलायला सगळेच येतात. मला बोलायचंय ते चांगली गोष्ट सुटण्यावर. गाणं सुटतं, ढोलकी सुटते, कवितेची वही सुटते. कुणी हिसकावून घेत नाही. पार्ट-टाइम लागतो आणि सुटतं.

मी गोदीत ओझी उचलतो. शिक्षण मॅट्रिक. टॅलीच्या कागदामागं कविता लिहितो. तेव्हा कुणी थोर माणूस उपदेश करायला आलाय असं समजू नका.

हा नाका बघा. इकडं पद्मानगर, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या. शहरभर माग, आणि मागावर बारा तासांची पाळी. पलीकडं राहनाळ, वळ, काल्हेरपर्यंत गोदामंच गोदामं. ठाण्याकडून मेट्रोचा पहिला टप्पा आखला तो याच नाक्यापर्यंत. माणूस कामावर लौकर पोचावा म्हणून एवढे खांब. तालमीला पोचावा म्हणून एक बल्ब कुणी लावत नाही!

आमच्यातला एक ढोलकी वाजवायचा. नाव सांगत नाही, तो इथं असेलही. भीमजयंतीला त्याच्या थापेवर म्हातारी माणसंसुद्धा उठायची. कॉलेजची फी भरायची म्हणून त्यानं एका गोदामात पार्सल बांधायचं काम धरलं. ‘फक्त चार तास रे,’ म्हणाला. पण ते चार तास कुठले? संध्याकाळी सहा ते दहा. तालीम सातची. शिवाय रिक्षात जागा मिळेपर्यंत तासभर नाक्यावर. सणासुदीला चाराचे सहा झाले. वर्षभरात ढोलकी माळ्यावर गेली, तिची वादी सैल झाली, मग उंदरांनी पुडी खाल्ली. आणि कॉलेज? तेही सुटलं. आता तो फुल टाइम आहे. परवा भेटला तर म्हणाला, ‘पैसा तसाही पुरला नाही रे. मग मी सोडलं कशासाठी?’

हा सवाल मला झोपू देत नाही. भाकरीसाठी सोडलं असतं तर हिशेब तरी लागला असता. त्याला गोदामानं दिवसाचा चौथाई तुकडा मागितला. पण नेमका तो तुकडा, ज्यात तो कुणाचा नोकर नव्हता. साहेबाच्या पोराचा छंद त्याच्या नोकरीच्या अर्जात शोभतो. आपल्या पोराचा छंद म्हणजे रिकामटेकडेपणा. घरची माउली ‘आधी पोट बघ’ म्हणते. तिला मी दोष देणार नाही, तिनं उपाशी रात्री काढल्यात. पण आपल्याच वस्तीतले पगारदार लोक हसतात, ‘ढोलकी वाजवून कुणाचं भलं झालं?’ म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. वामनदादा कर्डक मुंबईत कष्टाची कामं करत मोठेपणी अक्षरं शिकले. त्यांची गाणी कुणाच्या तोंडी आहेत ते जाऊन विचारा म्हणावं.

आणि आपल्या पोरींचं तर कुणी मोजतही नाही. तिचं गाणं सुटल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण तिला तालमीला सोडलंच नव्हतं.

आता नोकरी करूच नका असं सांगायला मी आलो नाही. तसं सांगणारा भरल्या पोटाचा असतो. बाबासाहेबांनीही पार्ट-टाइम केलाय, हे किती जणांना ठाऊक आहे? १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धं टाकून त्यांना परत यावं लागलं. पण येताना विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परतायची परवानगी घेऊन आले. मुंबईत शिकवण्या केल्या. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पै पै साठवली, १९२० च्या मार्चमध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठलं. १९२३ ला डी.एस्सी. झाले. म्हणजे नोकरी धरतानाच तिला तारीख घातलेली होती. पुढं १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत ते अर्धवेळ कायदा शिकवत होते. महाडचं चवदार तळं १९२७ चं, ‘बहिष्कृत भारत’ही १९२७ चं. म्हणजे ज्या वर्षांत तळ्याचं पाणी पेटवलं, त्याच वर्षांत हा माणूस घरखर्चासाठी तास घेत होता!

तुम्ही म्हणाल, ते बाबासाहेब होते. शाहू महाराजांची मदत होती, मित्र नवल भथेनांनी कर्ज दिलं. खरंय. आणि घर रमाईनं ओढलं, तिची किंमत कुणी चुकवली? मी तेच सांगतोय. एकट्याच्या जिद्दीवर हे होत नाही. बाबासाहेबांच्या मागं कुणीतरी उभं होतं. आपल्या ढोलकीवाल्याच्या मागं कोण उभं होतं? जयंतीला टाळ्या वाजवणारे आपण, फी भरायच्या दिवशी कुठं होतो?

बाबूराव बागूल बघा. १९६८ पर्यंत अंगमेहनतीच्या नोकऱ्या करत होते, आणि ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ १९६३ ला आलं. म्हणजे घामाच्या मधल्या फटीत ते पुस्तक झालं. तिकडं अमेरिकेत लँग्स्टन ह्यूज नावाचा काळा कवी जहाजावर राबला, १९२५ साली वॉशिंग्टनच्या हॉटेलात उष्टी ताटं उचलत होता, आणि १९२६ ला त्याचा पहिला संग्रह निघाला. ही फट राखता आली पाहिजे. ती आपोआप राहत नाही, मालक ती बुजवतोच. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ ला कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणला, तो काय नुसतं झोपायला? भिवंडीच्या मागावर ते ४८ तास चार दिवसांतच भरतात. पाचव्या दिवसापासून आपण कुणाचं आयुष्य विणतोय?

म्हणून काम धरायला जाल तेव्हा पगाराआधी वेळ विचारा. सकाळचे चार तास मिळत असतील तर दोन पैसे कमी घ्या, संध्याकाळ देऊ नका. किती महिने करणार ते घरात बोलून ठेवा, वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहा. आणि ज्याला संध्याकाळच मिळाली, त्याला मंडळातून काढू नका. आपण तालीम सातला ठेवतो, ती कुणाच्या सोयीची? मास्तर आणि क्लार्क लोकांच्या. मागावरची पाळी आठला सुटते, गोदाम दहाला. मग तालीम साडेदहाला ठेवा. शेजारी ओरडतील, तर हलगी कापड बांधून वाजवा.

वर्गणीचा डबा इथं टेबलावर ठेवलाय. डीजेसाठी नाही. पहिले पैसे पुडी मढवायला, उरलेले त्या पोराच्या परीक्षेच्या फीला. मी शंभर टाकलेत. ज्यांची पाळी आत्ता सुरू होतेय त्यांनी निघा, उशीर झाला तर अर्धा दिवस कापतील. बाकीच्यांनी आपापली सुटायची वेळ त्या वहीत लिहून जा.