ताप उतरल्यानंतर



ताप उतरला की घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि डॉक्टरांची पायरी सुटते. डासाने दिलेला विषाणू डोळ्यावर घाव घालतो तो पुष्कळदा त्यानंतरच.

डेंग्यूचेच घ्या. आठवडाभरात ताप ओसरतो. रक्तातील प्लेटलेट त्याच सुमारास तळ गाठतात. अशा वेळी एखादा रोगी म्हणतो, "भिंती दिसतात, पण समोरच्याचा चेहराच दिसत नाही." दृष्टिपटलाच्या मध्यावर पीतबिंदू नावाची इवलीशी जागा आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणूस ओळखणे, सारे तिच्या जोरावर. तेथे सूज आली वा रक्त झिरपले की नजरेच्या मध्यभागी डाग उभा राहतो. विषाणूच्या प्रकारानेही फरक पडतो. सिंगापुरात 2005 च्या साथीत असे रोगी पुष्कळ आढळले. 2007 च्या साथीत, जेव्हा दुसरा प्रकार पसरला, तेव्हा जवळजवळ नाहीतच.

चिकुनगुन्याची साथ आपल्या बार्शीने 1973 साली पाहिली. मग तीसेक वर्षे हा रोग जणू लोपला आणि 2005-06 मध्ये देशभर परतला. सांधे धरतात हे सर्वांना ठाऊक झाले. डोळ्यांच्या विकारांची तपशीलवार नोंद मात्र या दुसऱ्या साथीनंतर दक्षिणेतील नेत्रतज्ज्ञांनी केली. येथे डोळा कित्येकदा तापानंतर काही आठवड्यांनी बिघडतो. तो लाल होतो, उजेड सोसत नाही; कधी दृष्टिपटल, तर कधी डोळ्यामागची दृष्टीची नसच सुजते.

माझ्याकडे एक शिक्षक आले होते. तापानंतरचा अशक्तपणा म्हणून त्यांनी दोनदा चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता. एके दिवशी तोंड पुसताना चांगला डोळा पंचाने झाकला गेला आणि समोरची खिडकी नाहीशी झाली! नस सुजली होती. उपचारांनी बरीच दृष्टी परतली. त्या डोळ्याला लाल रंग मात्र अजून विटका दिसतो.

दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो. म्हणून तापानंतर दोनतीन महिने, पाळीपाळीने एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन पाहावेत. रेघा वाकड्या दिसल्या, मधला चौकोन पुसट झाला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दुकानातून स्टेरॉईडचे थेंब आणून घालू नयेत. तेच औषध आम्हीही कधीकधी देतो; पण आत डोकावून, डोळ्याचा दाब मोजून.

(जाता जाता: हा डास दिवसा चावतो आणि आपण मच्छरदाणी बांधतो रात्री!)

चौकोन आखलेले कागद दारापाशी ठेवले आहेत. जाताना ज्यांच्या घरी नुकताच ताप येऊन गेला असेल, त्यांनी आधी घ्यावेत.